अंधुक चित्रावर निकाल नको



मी खगोलशास्त्रज्ञ नाही, सॉफ्टवेअर लिहितो. तरीही आज एका दीर्घिकेबद्दल बोलणार आहे. तिचं नाव वुल्फ डिस्क. आपल्याला दिसणारा तिचा प्रकाश निघाला, तेव्हा विश्वाचं वय जेमतेम दीड अब्ज वर्षं होतं. आज ते सुमारे १३.८ अब्ज आहे.

इतक्या दूरची दीर्घिका फिरते, हे कळतं कसं? रेल्वे जवळ येताना तिची शिट्टी बारीक वाटते, लांब जाताना जाड. प्रकाशाचंही तसंच. सबंध दीर्घिका आपल्यापासून लांब जातेच आहे. पण ती फिरत असेल, तर तिची एक बाजू जरा कमी वेगानं लांब जाते, दुसरी जरा जास्त. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या तरंगलांबीत थोडा फरक पडतो. त्या फरकावरून फिरण्याचा वेग मिळतो आणि वेगावरून वस्तुमान.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात आल्मा ही ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. तिनं टिपलेली ही दीर्घिका २०१७मध्ये जाहीर झाली. दोन बाजूंच्या वेगांत फरक होता, पण चित्र अंधुक होतं. दोन दीर्घिकांची टक्कर चालू असली, तरी अंधुक चित्रात ती फिरत्या चकतीसारखीच दिसू शकते. शिवाय विश्वाच्या इतक्या लहान वयात अशी सुबक चकती बहुतेकांना अपेक्षित नव्हती.

मग संशोधकांनी कितीतरी जास्त स्पष्ट निरीक्षणं घेतली. २०२०मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर आलं: ही चकतीच आहे. वेग सेकंदाला सुमारे २७२ किलोमीटर, वस्तुमान जवळपास ७० अब्ज सूर्यांएवढं. या चमूत पुण्याच्या एनसीआरएचे निस्सीम काणेकरही होते. दीर्घिका फक्त टकरींतून वाढत नाहीत, थंड वायू शांतपणे आत येऊनही वाढू शकतात, या मताला त्यातून बळ मिळालं.

मला यातली मधली तीन वर्षं महत्त्वाची वाटतात. कोड तपासताना मीही पहिल्याच आलेखात हवं ते पाहून मोकळा झालो आहे, आणि नंतर तोंडावर आपटलो आहे. 'याचा दुसरा अर्थ निघतो का?' हा प्रश्न तेव्हा विचारलाच नव्हता.

आल्माची निरीक्षणं साधारण वर्षभरानं सर्वांसाठी खुली होतात. तुमच्यापैकी ज्यांना पायथन येतं, त्यांनी ती उतरवून घ्या आणि एखाद्या दीर्घिकेचा वेग स्वतः मोजून पाहा. अडलात तर मला विचारा, आपण मिळून शिकू.