पदक, पात्रता आणि कागद

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय खेळाचा आहे म्हटल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, ताई, अभ्यासवर्गात खेळ कशाला? आपण इथे संविधान, आरक्षण, फेलोशिप यांवर बोलतो. मी म्हटलं, मी त्यावरच बोलणार आहे, फक्त मैदानाच्या बाजूने. मी एका कॉलेजच्या क्रीडा विभागात काम करते. पोरं पळतात आणि मी त्यांचे कागद गोळा करते.

जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा दर दोन वर्षांनी होतात. ऑलिंपिकसारख्याच, पण त्यात उतरायचं तर विद्यार्थी असावं लागतं, किंवा नुकतीच पदवी मिळालेली असावी लागते. वयाचीही अट आहे. भारताचं पथक क्रीडा मंत्रालय नाही, तर भारतीय विश्वविद्यालय संघ पाठवतो. हे लक्षात ठेवा. या स्पर्धेचं दार विद्यापीठातून उघडतं. ज्याच्या घरातलं कोणी कधी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्याला हे दार आहे हेच उशिरा कळतं.

आता आकडे बघू. 2023 मध्ये चीनच्या चेंगदूला भारताने 26 पदकं मिळवली. 11 सुवर्ण, 5 रौप्य, 10 कांस्य.  म्हणजे एका फेरीत आधीच्या सगळ्या इतिहासापेक्षा जास्त. पेपरांनी भरभरून लिहिलं. पण ती 11 सुवर्णपदकं कुठून आली, बघा. 8 नेमबाजीतून, 3 तिरंदाजीतून. बस. 2025 मध्ये जर्मनीच्या ऱ्हाईन-रूहर भागात स्पर्धा झाल्या, तिथे नेमबाजी नव्हतीच. पदकं आली 12, त्यात सुवर्ण 2, दोन्ही तिरंदाजीतली. त्यातलं एक आपल्या साताऱ्याच्या साहिल जाधवचं.

नेमबाजांची मेहनत मी कमी लेखत नाही. पण एअर रायफलची किंमत लाखांत जाते, वर छर्रे, जॅकेट, रेंजची फी. तुमच्यापैकी किती जणांच्या कॉलेजात रेंज आहे? हात वर करा. एकही नाही. फीच्या पावतीवर जिमखाना शुल्क मात्र सगळ्यांच्या आहे. त्या शुल्काचं काय होतं, हा प्रश्न प्राचार्यांना लेखी विचारा. माहितीचा अधिकार त्यासाठीही आहे.

कमी साहित्य लागणारा खेळ म्हणजे धावणं. तिथे आपल्यासारख्या घरांतली पोरं दिसतात. ज्योती याराजीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. विशाखापट्टणमची. वडील सुरक्षारक्षक, आई घरकाम करायची आणि रुग्णालयात साफसफाई करायची. चेंगदूला तिने 100 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत 12.78 सेकंदांत कांस्यपदक घेतलं आणि राष्ट्रीय विक्रम केला. पॅरिस ऑलिंपिकचा थेट प्रवेश 12.77 ला होता. एक शतांश सेकंद कमी पडला. पुढे ती क्रमवारीच्या आधारे पॅरिसला गेली, आणि त्या शर्यतीत ऑलिंपिकला उतरलेली पहिली भारतीय ठरली.

ही गोष्ट माध्यमं "मोलकरणीच्या मुलीची भरारी" अशी सांगतात. मला तो मथळा आवडत नाही. त्यात आईची गरिबी दिसते आणि वसतिगृह गायब होतं. ज्योती विशाखापट्टणमहून इथे, तुमच्या याच हैदराबादला, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात आली. राहायला जागा मिळाली, दोन वेळचं पोटभर जेवण मिळालं, मैदान आणि प्रशिक्षक मिळाले. सरकारी पैशाने मिळाले. मग पाय धावले. तुमच्यातले बरेच जण समाजकल्याणच्या वसतिगृहातून इथवर आलेत, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगं काढली आणि खासबागचं कुस्ती मैदानही बांधलं. पोराला राहायला खोली आणि अंगमेहनतीला माती, दोन्ही लागतं, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

त्याच कोल्हापुरात घडलेली दुसरी गोष्ट. खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले असं सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. प्राचार्यांना सलाम आहेच. पण ज्या मुलाला असा प्राचार्य भेटत नाही त्याने काय करायचं? कोणाच्या तरी चांगुलपणावर आपलं शिक्षण आणि आपला खेळ किती दिवस टांगून ठेवायचा?

दुती चंदचंही सांगते. ओडिशातल्या विणकर कुटुंबातली मुलगी. 2014 मध्ये तिच्या शरीरात पुरुषी संप्रेरक जास्त आहे म्हणून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या पथकातून काढलं. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली आणि 2015 मध्ये तिच्या बाजूने निकाल लागला, तो नियम स्थगित झाला. 2019 च्या मे महिन्यात तिने आपण एका मुलीवर प्रेम करतो हे जाहीर सांगितलं. घरच्यांनीही नावं ठेवली. दोन महिन्यांनी इटलीतल्या नेपल्सला विद्यापीठ स्पर्धेत तिने 100 मीटर 11.32 सेकंदांत जिंकली. पुढे 2023 मध्ये उत्तेजक चाचणीत सापडल्याने तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. हेही सांगितलंच पाहिजे. आपल्या माणसांच्या गोष्टी आपण अर्ध्या सांगायच्या नाहीत. पण त्या बंदीने लवादापुढे तिने मांडलेला प्रश्न खोटा ठरत नाही.

मी कोणत्याही पदकविजेत्याची जात सांगत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आडनावावरून अंदाज बांधायचं काम या देशात करणारे भरपूर आहेत. ऑगस्ट 2021 आठवा. टोकियोला महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला, आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादला वंदना कटारियाच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाचले, जातीवाचक शिव्या दिल्या. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असं म्हणाले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू, त्याच स्पर्धेत केलेली. गोल मोजले गेले नाहीत, जात मोजली गेली. मात्र पथकात कोणत्या समाजाचे किती खेळाडू, किती पहिल्या पिढीचे विद्यार्थी, हा तक्ता अधिकृतपणे मागितला की लगेच ऐकू येतं, खेळात जात आणू नका. शिवी द्यायला जात चालते, मोजणीला चालत नाही.

आता जर्मनीकडे परत येते, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. 2025 ला भारताचे बॅडमिंटनचे 12 खेळाडू गेले. मिश्र सांघिक स्पर्धेत कांस्यपदक आलं. पण त्यातल्या 6 जणांना कोर्टवर उतरताच आलं नाही. व्यवस्थापकांच्या बैठकीत त्यांची नावं नीट दिलीच गेली नाहीत, असा आरोप झाला. खेळाडूंनी उघडपणे तक्रार केली, विश्वविद्यालय संघाला कारवाई करावी लागली. वर्षानुवर्षं घाम गाळलेली, निवड चाचणी जिंकलेली पोरं प्रेक्षकांत बसली. एका यादीमुळे.

बातमी वाचून बरेच जण चकित झाले. मी नाही झाले, आणि तुम्हीही होणार नाही. त्याच जुलै महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची बातमी होती. अनुसूचित जाती, भटके विमुक्त, भूमिहीन शेतमजूर यांच्या मुलांसाठीची ही योजना. 106 जण निवडले गेले, पण पहिल्यांदा तात्पुरती पत्रं मिळाली 40 जणांना. बाकीच्यांना कळवलं, निधी उपलब्ध झाला तर. परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हातात आणि इकडे कागद अडकलेला. खेळाडू असो की संशोधक, नाव यादीत पोचेपर्यंत काहीच आपलं नसतं.

माझ्या टेबलावर रोज हेच चालतं. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पात्रता अर्जाला दहावीचं प्रमाणपत्र लागतं, बारावीची गुणपत्रिका लागते, मागच्या वर्षाचा निकाल, आणि वर कुलसचिवांची सही-शिक्का. पोरीचं नाव दहावीला एक, आधारवर दुसरं. बापाचं नाव एका कागदावर भाऊराव, दुसऱ्यावर नुसतं भाऊ. मध्ये एक वर्ष ऊसतोडीला गेली म्हणून शिक्षणात खंड, त्याचं प्रतिज्ञापत्र नाही. जिच्या घरी शिकलेलं माणूस आहे तिचे वडील दुसऱ्या दिवशी सगळं दुरुस्त करून आणतात. जिच्या घरी नाही, ती मुदत संपल्यावर येते, कारण सूचना इंग्रजीत होती आणि फलकावर चार दिवसच होती. वेळेत पहिली आलेली मुलगी अशी घरी बसते, आणि तिच्या जागी दुसरी आलेली जाते. पुढे त्यालाच मेरिट म्हणतात.

खाजगी विद्यापीठांचंही बोलते. खेळाडूंना फी माफी, वसतिगृह, खुराक देऊन ती ओढून घेतात. 2024 चा मौलाना आझाद करंडक चंदीगड विद्यापीठ या खाजगी संस्थेने घेतला. एखाद्या गरीब मुलीला तिथे जागा मिळत असेल तर तिने जरूर जावं, मी अडवणार नाही. फक्त तिथे दुखापत झाली की फी माफीचं काय होतं, हे आधी लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. आणि आपल्या सरकारी विद्यापीठांची मैदानं मोर्च्यांना, लग्नांना, पार्किंगला जात असताना आपण गप्प बसलो तर उद्या निवडीला तीच पाच-सहा विद्यापीठं उरतील.

पुढची स्पर्धा 2027 ला दक्षिण कोरियातल्या चुंगचोंगला आहे. आज प्रथम किंवा द्वितीय वर्षाला असलेल्यांना वयात बसणारी ती स्पर्धा आहे. तुम्ही स्वतः खेळत नसाल, तरी तुमच्या गावाकडे, वस्तीत, वसतिगृहात कोणीतरी पळणारं असेल. त्याला फोन करा. दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायला सांगा. जुळत नसेल तर राजपत्रात नाव दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाका, त्याला महिने लागतात. क्रीडा संचालकांकडून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक मागून घ्या, अर्ज दिल्याची पोच घ्या. तुम्ही पदवीधर आहात, इंग्रजी सूचना वाचू शकता, त्या पोरांना मराठीत, तेलुगूत लिहून पाठवा.

अर्जाचा नमुना मी दहा प्रती झेरॉक्स करून आणलाय. मागच्या बाकावर ठेवला आहे, जाताना घ्या. ज्यांचे कागद अडकलेत त्यांनी थांबा, चहा होईपर्यंत बसून बघू.

जय भीम.