‘येतो’ म्हणणारी बोट

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



यंदा आपल्या सेक्रेटरींनी मला सांगितले, ‘‘काका, तुमचं आयुष्य बोटींत गेलं. आपल्यातल्या दोन-तीन घरांना बोट घ्यायची हौस आली आहे, शिवाय कित्येकांची मुलं परदेशात समुद्राकाठी आहेत. खवळलेल्या समुद्रात चालेल अशी घरगुती बोट कशी निवडावी, ते एकदा सांगून टाका.’’ कोचीत तीस वर्षे जहाजदुरुस्तीच्या कामात काढल्यावर नाही म्हणणे बरे दिसले नसते.

मोटर क्रूझर म्हणजे काय, ते आधी सांगतो. आत झोपायला जागा, छोटे स्वयंपाकघर, संडास आणि एक किंवा दोन इंजिने असलेली, साधारण आठ ते तेरा मीटर लांबीची बोट. कुटुंबाने सुट्टीचे चार दिवस राहावे, एवढी तिची ऐपत.

आता माझी एक चूक सांगतो. १९९६ ची गोष्ट. ओळखीच्या एका गृहस्थांची स्पीडबोट मी रविवारी मागून घेतली. बरोबर आमच्या सौ. आणि नऊ वर्षांची मुलगी. बंदराच्या आत पाणी तेलासारखे शांत होते. फोर्ट कोची आणि वैपीनच्या मधल्या मुखातून बाहेर पडलो, तेव्हा ओहोटीचे पाणी बाहेर धावत होते आणि समोरून पश्चिमेचा वारा येत होता. वारा आणि पाण्याचा ओढा समोरासमोर आले की लाटा उंच होतातच, शिवाय जवळजवळ आणि भिंतीसारख्या उभ्या होतात. आमच्या बोटीचा तळ सपाट. सौ. पुढे, नाळेजवळ बसल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या लाटेला बोट उचलली गेली आणि पाण्यावर अशी आपटली की त्यांच्या कमरेचा मणका दबला. दीड महिना अंथरुणावर काढावा लागला. बोटीत काही बिघाड नव्हता. ती आतल्या पाण्यासाठी केलेली होती, मी तिला बाहेर नेली. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे कळायला हवे होते.

तीच मुलगी आज दक्षिण इंग्लंडमध्ये, सोलेंटच्या काठी राहते. २०२३ मध्ये तिचा फोन आला. ‘‘बाबा, हे बोट घ्यायची म्हणताहेत. तुम्ही येऊन बघा. आईचं झालं तसं माझ्या पोराचं व्हायला नको.’’ नातू तेव्हा सात वर्षांचा. आम्ही दोघेही गेलो.

सोलेंट म्हणजे मुख्य भूमी आणि आयल ऑफ वाइट बेट यांच्यामधली सामुद्रधुनी. तिच्या पश्चिम टोकाला हर्स्टची अरुंद जागा आहे. तिथे उधाणाच्या भरती-ओहोटीला पाण्याचा ओढा चार नॉटच्याही वर जातो. पुढे नीडल्सचे खडक, आणि मग मोकळी इंग्लिश खाडी. ओहोटीचे पाणी बाहेर जात असताना नैर्ऋत्येचा जोरदार वारा आला, की तिथे फोर्ट कोचीचाच प्रकार होतो, फक्त कितीतरी मोठा.

दोन बोटी पाहायच्या होत्या. पहिली चौतीस फुटी, वेगवान, वर उघडा फ्लायब्रिज, खाली दिवाणखान्याला लाजवील अशी केबिन. जावईबापूंचे मन तिच्यावर बसले होते. दुसरी छत्तीस फुटी, वयाने जुनी, साधी, पंधरा नॉटच्या पुढे न जाणारी.

मी पहिल्यांदा पाटी पाहिली. युरोपात १९९८ पासून विकल्या जाणाऱ्या अशा बोटींवर ही पाटी लागते. ब्रिटनमध्येही हेच वर्ग आहेत. ए, बी, सी, डी असे चार. डी म्हणजे शांत पाणी. सी म्हणजे बोफर्ट मापाप्रमाणे ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंत लाट. बी म्हणजे ८ पर्यंतचा वारा आणि ४ मीटरपर्यंत लाट. ए त्याच्याही वर. पण एक खुबी ध्यानात ठेवा. ही लाटेची उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. शिवाय पाटी बोटीची ताकद सांगते, आत बसलेल्या माणसांची नाही. बोट तरून जाईल, पण सात वर्षांचे पोर आणि साठीची आजी चार तास आपटे खाऊ शकतील का, हे पाटीवर लिहिलेले नसते.

दुसरी गोष्ट तळाचा आकार. सपाट तळाची बोट शांत पाण्यात कमी तेलात पळते, लाटेत आपटते. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल तळ लाट कापत जातो. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत रे हंट यांनी आखलेली ‘मॉपी’ ही बोट खवळलेल्या समुद्रात पहिली आली आणि हा तळ जगभर गाजला. मागच्या टोकाला तळाचा उतार वीस अंशांच्या पुढे असेल तर त्याला खोल व्ही म्हणतात. बारा-तेरा अंशांचा तळ लाटेत अंग ठेचून काढतो. मात्र खोल व्हीची बोट उभी असताना किंवा हळू चालताना डुलते, आणि तेलही जास्त पिते.

तिसरा प्रकार गोलसर पोटाचा, खाली लांब कणा असलेला. आमची दुसरी बोट या जातीची. अशी बोट फार पळत नाही, पण सात-आठ नॉटवरही सरळ रेषेत चालते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. लाट वाढली की वेगवान बोटीलाही वेग कमी करावाच लागतो. कमी वेगात तिची छोटी सुकाणू नीट पकड घेत नाहीत आणि ती भरकटते. मागून लाट आली तर रुंद शेपूट उचलले जाते, नाळ पाण्यात घुसते आणि बोट आडवी फिरू पाहते. म्हणून विक्रेत्याला ‘किती पळते’ हे विचारू नका. ‘आठ नॉटवर, मागून लाट असताना कशी चालते’ हे विचारा.

चौथी गोष्ट वरचा भाग. फ्लायब्रिजवर सहा माणसे चढली की तेवढे वजन उंचावर जाते आणि बोटीचा तोल कमी होतो. उंचावर डोलणेही जास्त जाणवते. मागचे डेक पाण्याने भरले तर ते आपोआप वाहून जाईल एवढी मोठी भोके हवीत. केबिनच्या दाराला उंच उंबरठा हवा. आत चालताना प्रत्येक पावलाला हाताशी धरायला कठडा हवा. त्या सुंदर केबिनमध्ये मधोमध सात फूट मोकळी जागा होती, धरायला काही नाही. आमच्या सौ. दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘अहो, ही घरात शोभेल. इथे बोट लागली तर माणसानं बसायचं कुठे?’’

मंडळी, हा प्रश्न मी तीस वर्षांत एकाही मालकाला विचारला नव्हता. बोट लागणाऱ्या माणसाला मध्यभागी, खालच्या पातळीवर, पण बाहेरचे क्षितिज दिसेल अशी जागा लागते. दुसऱ्या बोटीत चालकाच्या मागेच तसा बाक होता. नातू त्यावर जाऊन बसलासुद्धा.

पाचवी गोष्ट इंजिन. घरच्या बोटीला डिझेल बरे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते, आणि एक ठिणगी पुरते. दोन इंजिने असली म्हणजे निर्धास्त, असे लोक समजतात. पण दोन्ही एकाच टाकीतून तेल घेत असतील तर? वर्षानुवर्षांचा गाळ टाकीच्या तळाशी असतो. शांत पाण्यात तो बसून राहतो. समुद्र खवळला की ढवळतो, फिल्टर तुंबतात, आणि नेमकी गरज असताना दोन्ही इंजिने बंद पडतात. दुसऱ्या बोटीची टाकी आम्ही उघडवली, तर बोटभर काळा चिखल निघाला. मालकाने ती साफ करून दिली आणि किंमतही उतरवली.

शेवटची गोष्ट चाचणी. पहिल्या बोटीचा विक्रेता म्हणाला, ‘‘आज वारा आहे, पडल्यावर या.’’ मला जे जाणून घ्यायचे होते ते त्याने न मागता सांगितले. दुसऱ्या बोटीचा मालक पाचच्या वाऱ्यात हर्स्टपर्यंत घेऊन गेला. बोट डोलली, पाणी काचेवर आले, पण आपटा बसला नाही. सौ. सत्तावीस वर्षांनी छोट्या बोटीत चढल्या होत्या. त्या कमरेला हात लावून बसल्या होत्या. परतताना तो हात खाली आला होता.

जावईबापू दोन दिवस गप्प होते. वेग गेला, फ्लायब्रिज गेला. त्यांचे दुःख खोटे नव्हते. हौसेची गोष्ट होती. पण सही त्यांनीच केली. वाचलेल्या पैशांतून जीवरक्षक तराफा, संकटाचा संदेश उपग्रहाला पाठवणारे यंत्र, व्हीएचएफ रेडिओ आणि नातवाच्या मापाचे, दोन पायांमधून पट्टा जाणारे लाइफजॅकेट आले. तेलाचा नियम मी लिहून चिकटवला: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव.

पुढच्या उन्हाळ्यात ते चेरबोर्गला निघाले. सुमारे साठ सागरी मैल. त्या दुपारी मुलीचा फोन आला. ‘‘बाबा, हर्स्टपासून परत फिरलो. बाहेर पाणी उभं राहिलं होतं. पोरगा रुसलाय.’’ मी म्हटले, ‘‘रुसू दे. उद्या हसेल.’’ चेरबोर्गला पोहोचल्याचा फोन आला असता तर मला एवढा आनंद झाला नसता.

आपल्या कोकणातले तांडेल नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालत नाहीत. इथे केरळातही पावसाळ्यात ५२ दिवस ट्रॉलर बंद असतात. त्यांच्या बोटी कमकुवत असतात म्हणून नव्हे. कुठल्याही बोटीला मर्यादा असते, आणि ती आधी मान्य करणे शहाणपणाचे.

आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बोट पाहायला जाल तेव्हा एवढेच मनात धरा. ही शांत सकाळी कशी निघेल, ते सगळेच पाहतात. बिघडलेल्या संध्याकाळी आपल्यातल्या सर्वांत नाजूक माणसाला घेऊन ही परत कशी येईल, ते पाहा.



गणपती बाप्पा मोरया!