मक्याचे पीठ आणि माणसाचे मन



मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयात झाले. तेव्हा कामगारांचीच एक हकीकत सांगतो.

मेक्सिकोतले लोक हजारो वर्षे मका खात आले. ते तो चुन्याच्या पाण्यात शिजवीत आणि घेवड्याबरोबर खात. पुढे मका परदेशी गेला. चुन्याची रीत मागे राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेतले गिरणी कामगार मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यांवर दिवस काढीत. त्यांना पेलाग्रा जडला. कातडी काळवंडे, जुलाब लागत, मग मन खचे, भ्रम होई. कित्येकांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली.

पुष्कळ डॉक्टर म्हणत, हा सांसर्गिक रोग. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून शोध घेतला. जॉर्जियातल्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांनी दूध, मांस, कडधान्ये वाढविली, रोग हटला. दक्षिण कॅरोलायनातल्या गिरणी-वस्त्यांत घरोघर हिशेब मांडला, तेव्हा दिसले, मिळकत जितकी कमी तितका रोग अधिक. १९३७ मध्ये उलगडले की उणीव नायसिनची होती. मक्यात बांधलेले हे द्रव्य चुन्याने मोकळे होते.

प्रत्येक उदासी ताटातूनच येते, असे मी म्हणत नाही. मनाच्या दुखण्याला डॉक्टर हवाच. पण 'वाडवडिलांसारखे सकस खा' असा उपदेश कामगाराला करणाऱ्याने आधी त्याची मजुरी विचारावी. डाळ आणि दूध दुकानात असतेच. ते घरात येते मजुरीच्या पायांनी.