संसर्गजन्य रोगांचे मार्ग आणि सार्वजनिक खर्चाची दिशा

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

पन्नाशी ओलांडलेल्या श्रोत्यांना ‘नारू’ हा शब्द परिचित असेल. त्यांच्या मुलांना मात्र त्याचा अर्थ समजावून सांगावा लागेल. १९८४ मध्ये देशात या रोगाचे सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले होते. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या राज्यांतील हजारो गावे त्याने ग्रासलेली होती. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या रोगावर तेव्हा लस नव्हती आणि कृमी नष्ट करणारे खात्रीचे औषधही नव्हते. ही दोन्ही साधने आजही उपलब्ध नाहीत. तरीही रोग गेला, कारण त्याचा मार्ग तोडण्यात आला.

तो मार्ग असा होता. नारूच्या अळ्या पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवाच्या पोटात राहत. असे पाणी न गाळता प्यायल्यावर त्या माणसाच्या शरीरात शिरत. सुमारे वर्षभरात मादी कृमी मीटरभर लांब होई आणि बहुधा पायावर फोड आणून बाहेर येऊ लागे. दाह शमविण्यासाठी रुग्ण पायविहिरीत उतरे आणि त्याच क्षणी हजारो अळ्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात मिसळत. पायविहिरींच्या जागी हातपंप व बंदिस्त विहिरी आल्या, पाणी दुहेरी कापडातून गाळण्याची सवय लावली गेली, पाणवठ्यांवर औषध टाकले गेले आणि प्रत्येक रुग्णाचा शोध घेतला गेला. त्यामुळे ही साखळी तुटली.

संसर्गजन्य रोगांविषयी अर्थशास्त्राला जे सांगावयाचे आहे, त्याचे सार या एका उदाहरणात सामावले आहे. लक्षणे एका व्यक्तीच्या शरीरात दिसतात. रोगाचे मूळ मात्र पाणी, हवा, साचलेली डबकी अशा सर्वांच्या सामाईक गोष्टींत असते. रुग्ण स्वतःच्या उपचारासाठी पैसे मोजतो, परंतु गावाच्या विहिरीसाठी कोणीही एकटा पैसे मोजत नाही. म्हणूनच रोगाचा मार्ग तोडण्याचे काम बाजारपेठ आपणहून करीत नाही. ते सार्वजनिक खर्चातूनच करावे लागते. हा खर्च कोठे करावा, हे रोग कोणत्या मार्गाने पसरतो यावरून ठरते.

पाण्याचा मार्ग

अतिसार, कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ हे या मार्गाने येणारे नेहमीचे रोग होत. रुग्णाच्या विष्ठेतील जंतू पाण्यात वा अन्नात मिसळतात आणि दुसऱ्याच्या तोंडावाटे पोटात जातात. कॉलऱ्यात तांदळाच्या पेजेसारखे जुलाब होतात आणि काही तासांत शरीर कोरडे पडते. विषमज्वरात ताप दिवसागणिक चढत जातो. डोकेदुखी, पोटदुखी व अशक्तपणा येतो. बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या शरीरातून त्यानंतरही दीर्घकाळ जंतू बाहेर पडत राहतात. काविळीत भूक मंदावते, मळमळते, लघवी गडद होते आणि डोळे पिवळे पडतात.

कॉलऱ्याचे जंतू मारक का ठरतात, याचे उत्तर कोलकात्यातील शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दिले. हे जंतू आतड्यात विष सोडतात आणि त्या विषामुळे शरीरातील पाणी बाहेर टाकले जाते, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. शरीरातून गेलेले पाणी व क्षार परत देणे हाच उपचाराचा गाभा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांना तोंडावाटे देण्यास आरंभ केला. पूर्वी शंभरांतील सुमारे तीस रुग्ण दगावत. हे प्रमाण चारांच्याही खाली आले. द्रावण पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. भारत सरकारने २०२३ मध्ये डॉ. महालनोबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. आज अतिसार झालेल्या बालकाला या द्रावणासोबत १४ दिवस जस्ताच्या गोळ्या दिल्या जातात. इतका स्वस्त उपचार वैद्यकात विरळाच.

मात्र मार्ग खुला राहिल्यास उपचार कितीही स्वस्त असला तरी रोग परत येतो. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात काविळीची प्रचंड साथ आली आणि सुमारे २९ हजार लोक आजारी पडले. वजिराबाद येथे यमुनेतून पाणी उचलले जात असे, त्या ठिकाणी सांडपाणी शिरले होते. पाण्यात क्लोरिनची मात्रा वाढविण्यात आली होती. तिने विषमज्वराची साथ रोखली, परंतु काविळीचा विषाणू तिला दाद देईना. हा विषाणू ‘हेपेटायटिस ई’ असल्याचे पुढे अनेक वर्षांनी स्पष्ट झाले. शुद्धीकरण केंद्र असणे आणि पाणी सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या साथीचा धडा होय.

तो आजही लागू आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जल जीवन अभियान सुरू झाले, तेव्हा ग्रामीण भागातील सुमारे १७ टक्के घरांत नळजोडणी होती. २०२५ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. ही प्रगती मोठीच आहे. तथापि नळाला पाणी दिवसातून तासभरच येत असेल, तर उरलेल्या वेळात रिकाम्या वाहिनीत गळतीच्या ठिकाणी गटाराचे पाणी शोषले जाते. टाकीत टीसीएल पावडर वेळेवर पडते की नाही आणि शेवटच्या नळाच्या पाण्यात क्लोरिन उरते की नाही, हे रोज तपासणारा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हा या व्यवस्थेतील सर्वांत अल्पखर्ची आणि सर्वाधिक दुर्लक्षित घटक आहे. वाहिनी टाकण्याचा खर्च एकदाच होतो आणि त्याचे उद्घाटन करता येते. देखभालीचा खर्च दरवर्षी येतो आणि त्याचे उद्घाटन होत नाही.

हवेचा मार्ग

क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला. फुप्फुसाचा क्षय झालेली व्यक्ती खोकते, तेव्हा अतिसूक्ष्म तुषारांतून जंतू हवेत पसरतात. कोंदट, अंधाऱ्या खोलीत ते बराच काळ तरंगत राहतात. दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला, संध्याकाळी येणारा ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम आणि कधी थुंकीतून पडणारे रक्त ही त्याची लक्षणे होत. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना प्रत्यक्ष रोग होत नाही. आयुष्यभरात साधारणतः पाच ते दहा टक्क्यांना होतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू वा मद्य यांमुळे खालावलेली असते, त्यांच्या वाट्याला तो अधिक येतो.

या रोगावरील खर्चाचा जगभरचा विचार बदलण्याचे श्रेय भारतातील एका प्रयोगाला आहे. चेन्नई येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच तीच औषधे दिली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखा होता आणि घरी राहिलेल्या रुग्णांमुळे कुटुंबीयांना असलेला धोकाही वाढला नव्हता. उपचारासाठी खाटा व इमारती नव्हेत, तर नियमित औषधे आणि पाठपुरावा हवा, हे सिद्ध झाले. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची उभारणी याच पायावर झाली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न पुढे सुरू होतो. औषधे मोफत असली तरी आजारपण मोफत नसते. रोजंदारीवर जगणारा माणूस खोकला आठवडेच्या आठवडे अंगावर काढतो, कारण तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. तोवर घरातील व कामावरील अनेकांना संसर्ग पोहोचलेला असतो. औषधे सुरू होऊन बरे वाटू लागले की तो पुन्हा कामाला जातो आणि मात्रा चुकू लागतात. अशा अर्धवट उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय निर्माण होतो. त्याचा खर्च अनेक पटींनी अधिक असून यातनाही तशाच अधिक असतात. एका मजुराचा बुडालेला दिवस वाचविणे हा म्हणूनच संपूर्ण वस्तीच्या हिताचा खर्च ठरतो.

याच विचाराने एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाला दरमहा ५०० रुपये दिले जाऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. आहाराचे महत्त्व झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासाने अधोरेखित केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना पूरक शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. रेशनचे धान्यही येथे रोगप्रतिबंधाचे साधन ठरते. देशात २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होत होते. २०२४ पर्यंत ही संख्या १८७ वर आली. घट उल्लेखनीय आहे, तथापि २०२५ साठी ठरविलेले उद्दिष्ट त्याहून कितीतरी पुढचे होते. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक अजूनही भारतात आहे.

डासांचा मार्ग

डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी असल्याचे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे दिसले. हुडहुडी, मग तीव्र ताप आणि नंतर घाम ही हिवतापाची ओळख. तो अ‍ॅनोफिलिस डासाच्या मादीमुळे पसरतो. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातील स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. एकाएकी चढलेला ताप, डोळ्यांमागे व सांध्यांत वेदना आणि अंगावर पुरळ ही डेंग्यूची लक्षणे होत. ताप उतरू लागतो, त्याच वेळी पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या वा हिरड्यांतून रक्तस्राव सुरू झाल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते. पाणीपुरवठा अनियमित असला की घरोघरी पिंपे भरून ठेवली जातात आणि त्यांतच हा डास वाढतो. एकाच नादुरुस्त व्यवस्थेतून अशा रीतीने कावीळही येते आणि डेंग्यूही येतो.

हिवतापाचा इतिहास मात्र अधिक कठोर धडा देतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. मृत्यूची नोंदच नव्हती. रोग संपला असे वाटू लागले. देखरेख सैल झाली, कीटकनाशकांचा पुरवठा अपुरा पडू लागला आणि डासही त्यांना सरावले. १९७६ मध्ये चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. पुढे अनेक दशकांच्या प्रयत्नांनंतर ही संख्या २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन लाखांवर आली. अकरा वर्षांत गमावलेले परत मिळविण्यास जवळपास अर्धे शतक लागले.

दिसेनाशा यशाची तरतूद

रुग्णालयात बरा झालेला रुग्ण दिसतो. न झालेला आजार कोणालाही दिसत नाही. रोग दिसेनासा झाला की अंदाजपत्रकातील तरतूदही दिसेनाशी होऊ लागते. प्रतिबंधाची ही सर्वांत मोठी अडचण आहे. त्याचा भार अखेर कुटुंबांवर पडतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर उतरला. ही स्वागतार्ह घट होय. परंतु आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्याचे बिल भरतो. रुग्ण होऊच नये यासाठी लागणारी वाहिनी, नाली, फवारणी आणि तपासणी तो पुरवीत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेवला होता. हे तत्त्व दृढ होणे आवश्यक आहे. नव्या कामांइतकीच देखभालीला निश्चित तरतूद, पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवण्याचा नियम, आशा कार्यकर्ती व आरोग्यसेवक यांना वेळेवर मोबदला आणि रुग्णसंख्या घटल्यानंतरही किमान दशकभर देखरेखीचा निधी कायम राखण्याचा संकेत, या चार गोष्टी कोणत्याही राज्याच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत.

नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला, तरी प्रमाणपत्र मिळेपर्यंत साडेतीन वर्षे गावोगावी शोध चालूच होता. रुग्ण सापडत नसतानाही आरोग्यसेवक घरोघर जाऊन विचारणा करीत होते. तो खर्च वाया गेला असे आज कोणीही म्हणणार नाही. क्षयरोग व हिवताप यांची आकडेवारी पुढील काळात आणखी खाली येईल, तेव्हा त्यांच्या तरतुदींकडे पाहताना अंदाजपत्रक करणाऱ्यांनी ही साडेतीन वर्षे लक्षात ठेवावीत.