मोशीचे पाहुणेघर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मला कुठले भाषण येणार? त्या म्हणाल्या, आफ्रिकेत आठ वर्षे काढलीत, तिथे पाहिले ते सांगा. तेव्हा तेच सांगते. घरातली रिकामी खोली पाहुण्यांना द्यावी असे आपल्यातल्या दोघी-तिघींच्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांनी जरा कान देऊन ऐकावे.

आमचे हे साखर कारखान्यातले. २०१६ साली त्यांना टांझानिया देशात मोशी गावाजवळच्या कारखान्यात काम मिळाले आणि आम्ही तिकडे गेलो. मोशी म्हणजे तिकडच्या स्वाहिली भाषेत धूर. गाव किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी. हा पर्वत ५८९५ मीटर उंच, आफ्रिकेत त्याहून उंच दुसरा नाही. सकाळ-संध्याकाळ ढग हटले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचे पांढरे डोके दिसे.

भाषेची मला धास्ती होती. पण चहाला तिथेही चाय, पैशाला पेसा, रंगाला रंगी, आंब्याला एंबे, लाखाला लाकी आणि दुकानाला दुका! नात्यांची मात्र सगळी उलटापालट. आईला म्हणतात मामा, बहिणीला दादा आणि भावाला काका. आमची घरमालकीण सगळ्या आळीची मामा, आणि मी तिची दादा. हसू नका, आठ वर्षे मी दादा होते.

ही मामा विधवा. दोन मुली, थोरलीला नर्स व्हायचे होते. नवऱ्यामागे हाती राहिले ते घर. मागच्या अंगाला आम्ही भाड्याने, पुढच्या दोन खोल्या रिकाम्या. दीर म्हणत होता, घर विकून टाक आणि गावी येऊन केळी लाव. मामाला ते नको होते. २०१८ साली तिने ठरवले, की खोल्या परदेशी पाहुण्यांना द्यायच्या.

मोशीला असे पाहुणे फार. काही पर्वत चढायला येतात. काही शाळांतून नि दवाखान्यांतून बिनपगारी सेवा करायला येतात, त्यात विलायत-अमेरिकेकडची कॉलेजातली मुलेमुली पुष्कळ. तिथले मोठे ख्रिस्ती इस्पितळ १९७१ साली सुरू झालेले, तिथे डॉक्टरी शिकणारी परदेशी मुले दोन-दोन महिने येऊन राहतात. हॉटेल त्यांना परवडत नाही, आणि एकटे राहायची भीतीही वाटते.

मला त्यात भागी घेता येत नव्हती. माझ्या कागदावर नोकरदाराची बायको एवढाच शिक्का होता, त्यावर तिथे कामधंदा करता येत नाही. तेव्हा धंदा सर्वस्वी मामाचा. मी शेजारीण म्हणून चार गोष्टी सांगत होते आणि तिच्याकडून आठ शिकत होते.

आधी तिने कागद केले. करखात्याचा नंबर, नगरपालिकेचा परवाना. प्रत्येक आळीचा निवडून दिलेला एक अध्यक्ष असतो, त्याच्याकडेही ती स्वतः जाऊन सांगून आली. मग सुताराकडून चार खाटा, प्रत्येक खाटेला मच्छरदाणी, गच्चीवर पाण्याची टाकी, आणि रात्री राखणदार. प्यायचे पाणी उकळून गाळलेले. वीज तिथे आगाऊ पैसे भरून घ्यायची असते, पैसे संपले की अंधार. एका मुलीने केस वाळवायच्या यंत्रावर आठवड्याची वीज दोन दिवसांत उडवली, तेव्हापासून त्या यंत्राचे पैसे वेगळे!

जेवण साधेच. भात, राजम्यासारखी घट्ट उसळ, केळ्यांचे कालवण, चपात्या. त्यांची चपाती आपल्या घडीच्या पोळीहून जाड नि तेलकट. मी तिला वरण-फोडणी शिकवली, ती पाहुण्यांना आवडली. हिंगाच्या वासाला मात्र पहिल्या दिवशी दोघीजणी खोलीबाहेर धावल्या.

घरात लिहून लावलेले नियम थोडे. रात्री दहानंतर दार बंद. खोलीत परका माणूस नाही. पर्वतावर जाणारा सहा-सात दिवस गायब असतो, तर खाट राखून ठेवायची की नाही? मामाने ठरवले, सामान फुकट सांभाळीन, खाट राखायची तर अर्धे पैसे. मला हे फार पटले. आपल्याकडे भिडेखातर आपण काही बोलत नाही आणि मग मनात धुमसत बसतो. तिकडे एक म्हण आहे, पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आपलीही आहेच की, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षी बहुतेक पाहुणे एका दलालाकडून येत. तो परदेशातल्या मुलांकडून सेवेची हौस म्हणून भरपूर पैसे घेई. एका मुलीने मला सांगितले, की तिने दोन आठवड्यांचे ९०० डॉलर भरले होते. मामाच्या हाती त्यातले दिवसाला ६ डॉलर पडत. तेही एकदा दोन महिने थकवले. वर तो म्हणाला, वहीत सगळ्यांना प्रवासी म्हणून लिही. सहलीच्या परवान्यावर आलेल्या माणसाला तिथे काम करता येत नाही, बिनपगारी सेवासुद्धा नाही. तिला वेगळा परवाना लागतो. तो काढायचे पैसे दलालाला वाचवायचे होते.

थोरलीची फी तोंडावर आली होती. दीर वाटच पाहत होता. मला वाटले, आता ही मान तुकवणार. मामा रात्रभर वही पुढे घेऊन बसली आणि सकाळी दलालाला म्हणाली, माझ्या वहीत खोटे नाव आणि खोटे काम लिहिले जाणार नाही. चारातल्या तीन खाटा त्या आठवड्यात रिकाम्या झाल्या.

फीसाठी तिने शिलाईयंत्र विकले. मग इस्पितळात शिकायला आलेल्या एका मुलीने आपल्या कॉलेजात सांगितले, तिथून दोघी आल्या, त्यांनी आणखी चौघींना सांगितले. दलाल मध्ये नसल्याने दर १२ डॉलर झाला, तरी पाहुण्यांना तो स्वस्तच होता. अनाथाश्रमात पंधरा दिवस मुलांना खेळवायला येणाऱ्यांना मामा पुढे घेईनाशी झाली. ती म्हणे, लेकरांना लळा लावून निघून जातात, मागे रडे कोण आवरणार? कोणाला हे कठोर वाटेल, मला वाटले नाही.

२०२० साली करोनाने विमाने थांबली. मे महिन्यात तिथली पुन्हा सुरू झाली, पण पाहुणा कुठला यायला! मामाने त्याच खाटा गावच्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना कमी भाड्याने दिल्या. पुढे परदेशी परतले, तरी एक खोली तिने त्या मुलींसाठीच ठेवली.

सुटतात किती, हे तुम्ही विचारणारच. १२ डॉलरांतले ४ जेवणाला, २ मोलकरीण नि राखणदाराला, १ वीज-पाण्याला, १ कर आणि कागदांना. उरले ४. जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे चढाईचे दिवस, तेव्हा खाट रिकामी राहत नाही. मार्च ते मे मोठा पाऊस, तेव्हा चिटपाखरू नसते, आणि त्या तीन महिन्यांचा खर्च आधीच बाजूला काढावा लागतो. मामा तो एका पिठाच्या डब्यात ठेवी आणि डब्याची किल्ली माझ्याकडे देई, स्वतःचा हात आवरावा म्हणून. २०२४ साली आम्ही निघालो तेव्हा किल्ली मी तिच्या थोरलीच्या हाती दिली. ती आता त्याच इस्पितळात नर्स आहे.