विद्येच्या वाटेवरील नाके
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी विद्वान नाही. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि तीस वर्षे फायली, टिपणे आणि शिक्के यांच्या सहवासात काढली. त्यामुळे परदेशी विद्यार्थी आणि संशोधक यांच्यावरील सरकारी प्रवेशनिर्बंधांविषयी मी बोलावे, असे आपल्या चिटणिसांनी सुचवले तेव्हा प्रथम संकोच वाटला. परंतु ज्या घरातील कोणी परदेशी शिकत नाही किंवा निदान तशी तयारी करीत नाही, असे घर या सभागृहात विरळाच. शिवाय हा विषय माझ्या स्वतःच्या उंबरठ्याच्या आत आला आहे; ती हकिगत शेवटी सांगेन.

आपल्या माणसांची ही वाट जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे १९१७ साली अमेरिकेने कायदा करून हिंदुस्थानासह आशियाच्या फार मोठ्या भागातील लोकांना दार बंद केले. परंतु त्या कठोर कायद्यातही विद्यार्थी आणि शिक्षक यांना सूट होती. पोट भरण्यासाठी येणारा वेगळा आणि शिकण्यासाठी येणारा वेगळा, एवढा विवेक त्या कायद्यानेही राखला होता.

अलीकडे हा भेद पुसट होत चालला आहे. २७ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी सात देशांच्या नागरिकांना नव्वद दिवस प्रवेशबंदी केली. सुट्टीसाठी वा परिषदेसाठी बाहेर गेलेले विद्यार्थी आणि संशोधक वाटेतच अडकले. न्यायालयांनी तो आदेश रोखला. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ग्राह्य धरली. आणि २०२१ च्या जानेवारीत नव्या अध्यक्षांनी ती रद्द केली. एका पदवीला जितकी वर्षे लागतात, तितकी ही वर्षे होती.

जुलै २०२० मध्ये, महामारीच्या ऐन काळात, ज्यांचे सर्व वर्ग दूरस्थ पद्धतीने चालतील त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा, असा फतवा निघाला. हार्वर्ड आणि एम. आय. टी. न्यायालयात गेल्या, आणि आठच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. मे २०२५ मध्ये तर हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घेण्यात आला. तेथील सुमारे ६,८०० विद्यार्थी, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक, एका दिवसात अधांतरी झाले. दुसऱ्याच दिवशी न्यायाधीशांनी स्थगिती दिली हे खरे. पण त्या एका रात्रीची झोप कोणते न्यायालय परत देणार?

२०२३-२४ या वर्षी अमेरिकेतील सव्वाअकरा लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय होते. म्हणजे सर्व देशांत आपण पहिले. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर संख्येची मर्यादा घातली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास मनाई केली. सारांश, हा एका देशाचा वा एका पक्षाचा प्रश्न नव्हे.

आता एक बारकावा सांगतो, कारण पालकांना तो ठाऊक नसतो. अमेरिकेचा व्हिसा म्हणजे दार ठोठावण्याचा परवाना. शिक्क्याची मुदत संपली तरी शिक्षण रीतसर चालू असेतोवर विद्यार्थी तेथे कायदेशीरपणे राहू शकतो. परंतु मायदेशी आला की परत जाण्यासाठी नवा शिक्का हवा, त्यासाठी मुलाखत हवी, आणि मुलाखतीत आपण कायमचे राहायला जात नाही हे त्याने सिद्ध करायचे; कायदा मुळात उलटेच गृहीत धरतो.

माझी कन्या तेथे रसायनशास्त्रात संशोधन करते. २०२५ साली तिचे सहावे वर्ष चालू होते आणि शिक्क्याची मुदत संपलेली होती. २७ मे रोजी जगभर विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणे थांबले. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मातोश्री वारल्या. त्यांनीच तिला लहानाची मोठी केली होती. फोनवर ती एवढेच म्हणाली, "बाबा, मी येऊ का?" मी सरकारी माणूस, कागद समोर होते. मी म्हणालो, "येऊ नकोस." १८ जूनला मुलाखती पुन्हा सुरू झाल्याचे जाहीर झाले, तोवर तेरावाही होऊन गेला होता. तीस वर्षे खिडकीपलीकडच्या माणसाला मी "नियम आहे" असे सांगत आलो. त्या शब्दांचे वजन मला त्या दिवशी कळले.

याचा अर्थ राष्ट्राला सीमा राखण्याचा हक्क नाही, असे मी म्हणत नाही. आपणही परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी करतोच. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर आपल्या सरकारने भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे पूर्वीचे व्हिसा रद्द ठरवले. त्यास सुरक्षेचे कारण होते. तरीही आपल्याच विद्यापीठांत नाव असलेली कित्येक मुले तिकडे अडकली. म्हणून माझे म्हणणे इतकेच की नियम करावा, पण ज्याने प्रवेश घेतला, शुल्क भरले, वर्षे घातली, त्याच्या पायाखालून तो मध्येच ओढू नये. आणि निर्णय माणूस पाहून व्हावा, केवळ त्याचे पारपत्र पाहून नव्हे.

पन्नास वर्षांपूर्वी आपले संस्थापक बदलीच्या हुकुमावर या शहरात आले, तेव्हा त्यांना कोणी परवाना विचारला नाही. शेजाऱ्यांनी मात्र पहिल्या दिवशी चहा पाठवला, असे वडीलधारे सांगतात. आपण दोन गोष्टी कराव्यात. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना "लग्नाला का आली नाही?" असे विचारू नये. आणि या शहरातील महाविद्यालयांत जे परदेशी विद्यार्थी आहेत, त्यांना येत्या गणेशोत्सवात पंगतीला बोलवावे. कुठल्यातरी परक्या गावात कोणी आपल्या लेकरालाही असेच बोलावील, एवढी आशा आपण बाळगू शकतो.