महिन्याचा मेंटेनन्स



मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. मी तिच्यातल्या अर्ध्या अंतराची, म्हणजे २१.०९७ किलोमीटरची तयारी करतोय. "रोज पहाटे उठायचा कंटाळा नाही येत?" असं बरेच जण विचारतात. येतो की! पण रक्तात साखर निघाली, तेव्हापासून पळणं सोडणं परवडणारं नाही. म्हणून मी ध्येय रोजचं नाही, महिन्याचं ठेवतो. जुलैत ६० किलोमीटर, मग दर महिन्याला थोडे वाढवत डिसेंबरात १००. पळून आलो की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहायचा. पाऊस कोसळला, पाहुणे आले, दोन दिवस बुडाले, तरी महिना बुडत नाही.

मात्र थकबाकी ३० तारखेला एकदम फेडायला जाऊ नका. गुडघा व्याजासकट वसूल करतो. राहिलेले किलोमीटर सोडून द्यावेत, नव्या महिन्याचं पान कोरंच असतं. शर्यतीआधीचे दोन आठवडे तर अंतर कमीच करायचं, म्हणजे पाय ताजे राहतात.

पंचवीस वर्षं आपण इमारतीचा मेंटेनन्स महिन्याच्या महिन्याला भरत आलो, म्हणून ती उभी आहे. शरीराचाही तसाच भरू या. उद्या पहाटे साडेपाचला मी गेटपाशी आहे. चालत आलात तरी चालेल.